घसारा आणि वारसा

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला जुन्या वस्तूंबद्दल आदर नसतो. हा त्याचा स्वभावदोष नव्हे, अभ्यासक्रम आहे. कॉलेजात पाऊल टाकल्यावर आम्हांला जो पहिला थोर सिद्धान्त शिकवला गेला तो म्हणजे घसारा. जगातली कुठलीही वस्तू, मग ती खुर्ची असो, पंखा असो, मोटार असो की दोन मजली इमारत असो, विकत घेतल्या दिवसापासून मरायला लागते आणि वर्षभरात ती किती मेली याचा आकडा ३१ मार्चला वहीत लिहून ठेवणं हे हिशेबनिसाचं कर्तव्य आहे. गीतेतला आत्म्याचा भाग वगळला, तर देहासंबंधीचं बरंचसं तत्त्वज्ञान आम्हांला त्या एका प्रकरणात मिळालं. तेही १५ मार्कांना.

इन्कमटॅक्सच्या नियमाप्रमाणे धंद्याच्या इमारतीवर दरसाल १० टक्के घसारा धरतात, आणि तोसुद्धा घटत्या शिल्लकेवर. म्हणजे लाख रुपयांची इमारत पुढच्या वर्षी ९० हजारांची, त्याच्या पुढच्या वर्षी ८१ हजारांची. एकदा दुपारी कॅश जुळली होती, साहेब झोनल ऑफिसला गेले होते आणि काउंटरवर एका पेन्शनरखेरीज कुणी नव्हतं, तेव्हा मी हा हिशेब चक्क शंभर वर्षांपर्यंत नेऊन पाहिला. शंभर वर्षांनी त्या लाखाच्या इमारतीची किंमत उरते २ रुपये ६६ पैसे. एवढ्यात आमच्या कॅन्टीनमध्ये बशीसुद्धा मिळत नाही. मात्र गंमत अशी, की या पद्धतीत शिल्लक कधीच शून्य होत नाही. कितीही वर्षं जाऊ देत, काहीतरी उरतंच. ते जे उरतं त्याचं काय करायचं, हे मात्र पुस्तकात दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या बाजूला वारसावाल्यांचं शास्त्र. त्यांचा हिशेब नेमका उलटा. १९५८ साली आपल्याकडे प्राचीन वास्तूंचा जो कायदा झाला त्यात वास्तू निदान शंभर वर्षांची असावी अशी अट आहे. माणसाच्या बाबतीत 'शंभर भरले' म्हटलं की पुढे काय होतं हे शिशुपालापासून सर्वांना ठाऊक आहे. वास्तूचे शंभर भरले की मात्र तिला संरक्षण. आमच्या हिशेबात ज्या वर्षी ती पावणेतीन रुपयांवर येते, त्याच वर्षी त्यांच्या हिशेबात ती अमूल्य होते. पृथ्वीवर एकाच वस्तूबद्दल इतका टोकाचा मतभेद फक्त सासू आणि सून यांच्यातच मी पाहिला आहे, आणि तिथंही वस्तू एकच असते.

मुंबईत १९९५ साली या वारशाची रीतसर नियमावली आली. तिच्यात इमारतींच्या श्रेणी पाडल्या आहेत. पहिल्या श्रेणीला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, दुसरीला आतून बेतानं लावला तर चालेल, तिसरीला आणखी थोडा. रेशनच्या तांदळासारखी प्रतवारी आहे म्हणून हसायचं कारण नाही. नियम नसता तर त्या शहरात आज काय उभं राहिलं असतं, याची कल्पना कुठल्याही खिडकीतून बाहेर बघितलं तरी येते. पण 'आतून बदला, बाहेरून मात्र तेच ठेवा' हे जे सूत्र त्यात पुष्कळ ठिकाणी दिसतं, ते वाचून मला आपल्या एकूण समाजसुधारणेची आठवण झाली. आपण तिथं उलटं केलं. बाहेरून बदललो.

आता वारसा म्हणजे देवळं, किल्ले, वाडे, लेणी, हे मला समजतं. माझी अडचण होते ती क्लबापाशी. जुना क्लब हा वारसा म्हणून जपावा की नाही, हा तो प्रश्न. तुम्ही म्हणाल, यात प्रश्न कसला? चांगली कौलारू इमारत, रुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो. जपा की! पण जरा थांबा. देऊळ कशासाठी बांधतात? देवासाठी. किल्ला? शत्रूसाठी. क्लब कशासाठी बांधतात? मी यावर बराच विचार केला आहे. चार माणसांना एकत्र बसायला क्लब लागत नाही, पारावरही बसता येतं. क्लब लागतो तो पाचव्याला बसू न देण्यासाठी. क्लबातल्या सर्वात महत्त्वाच्या वस्तूचं नाव दरवाजा. बाकी सगळं फर्निचर.

मुंबईचा भायखळा क्लब १८३३ साली सुरू झाला. मोठा दिमाखदार, आणि अर्थात फक्त गोऱ्यांचा. आज तो नाही. इमारत गेली, बाग गेली, सभासद तर केव्हाच गेले. राहिलं काय? 'भायखळा सूफ्ले' नावाचा एक गोड पदार्थ. निरनिराळ्या मद्यांचे थर लावून केलेला हा थंडगार प्रकार अजून जुन्या इंग्रजी पाककृतींत सापडतो. एवढ्या मोठ्या संस्थेचा वारसा म्हणून एक पुडिंग शिल्लक राहावं यात मला तरी एक प्रकारचा न्याय दिसतो. शिवाय पुडिंग कुणालाही करता येतं. त्याला प्रपोजर आणि सेकंडर लागत नाही.

अपोलो बंदरावरच्या यॉट क्लबाची कथा वेगळी. क्लब १८४६ सालचा आणि अजून चालू आहे; पण त्याचं जुनं समुद्राकाठचं क्लबघर देश स्वतंत्र झाल्यावर अणुऊर्जा खात्याकडे गेलं. ज्या व्हरांड्यात नेटिव्हाला पाय ठेवता येत नव्हता, तिथं नेटिव्हांनी अणूचा कारभार मांडला. याला म्हणतात जपणूक! एक वीटही न पाडता सूड घेण्याचा इतका सभ्य मार्ग सरकारला एरवी सुचत नाही.

गव्हर्नर विलिंग्डनसाहेबांनी १९१८ साली गोरे आणि हिंदी अशा दोघांनाही घेणारा क्लब काढला, त्याला त्यांचंच नाव आहे. कलकत्त्याला बेंगॉल क्लब १८२७ सालचा, तिथं हिंदी माणसाला मज्जाव. म्हणून १९०७ साली कलकत्ता क्लब निघाला. अन्यायाविरुद्ध उभा राहिलेला क्लब! त्या क्लबानं बायकांना सभासदत्व दिलं २००७ साली. बरोबर शंभर वर्षं लागली. अन्यायाविरुद्ध उभं राहताना माणूस दारात उभा राहतो, आणि दारात उभं राहिलं की मागच्याला आत जाता येत नाही, हा लोकलमधला रोजचा अनुभव आहे.

पण साहेबाला नावं ठेवणं फार सोपं आहे, आणि मी स्वस्त आनंद जपून वापरतो. आपल्याकडे वळू. मरीन लाइन्सला समुद्राकडे तोंड करून हिंदूंचा, मुसलमानांचा आणि पारशांचा असे जिमखाने ओळीनं उभे आहेत. त्यांतला हिंदूंचा १८९४ सालचा. त्यांच्यात क्रिकेटचे सामने होत. युरोपियन आणि पारशी यांच्या जोडीला १९०७ साली हिंदू आले, ते तिरंगी. १९१२ साली मुसलमान आले, ते चौरंगी. १९३७ साली पाचवा संघ आला, ते पंचरंगी. या पाचव्या संघाचं नाव काय असावं? 'इतर'! जे कशातच बसत नाहीत ते. आमच्या लेजरमध्ये 'किरकोळ' नावाचं जे खातं असतं, तसं. या किरकोळ खात्यातून विजय हजारे खेळत. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध 'इतर' संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. आणि तरी 'इतर' हरले. इतरांचं असंच असतं. जातवार संघांचे हे सामने बंद व्हावेत असं मत गांधीजींनी १९४० साली दिलं होतं; ते बंद पडायला १९४६ साल उजाडलं.

याच मैदानांवर पालवणकर बाळू नावाचा माणूस डावखुरी गोलंदाजी टाकत असे. जन्म १८७६ चा. जातीनं चांभार. पुण्यात, गोऱ्यांच्या क्लबात तो महिना ४ रुपयांवर होता. साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचे साहेब स्वतःची विकेट काढल्याबद्दल त्याला ८ आणे बक्षीस देत, अशी हकिगत सांगतात. चेंडू टाकू देत, बॅट मात्र कधी हातात दिली नाही. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा त्यांना बाळूची आठवण झाली. त्याला घेतलं. आता चहाची सुटी झाली की काय होई? बाकीचे दहा जण पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत. बाळू बाहेर उभा, आणि त्याचा चहा मातीच्या कुल्हडातून. पिऊन झालं की फेकून द्यायचा.

मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी नाही. पण या चहाच्या सुटीत जेवढं तत्त्वज्ञान भरलं आहे तेवढं पचवायला मला जड जातं. बाळूनं टाकलेला चेंडू. तो यष्टिरक्षक पकडणार, पहिल्या स्लिपकडे देणार, तिथून तो मिडऑफकडे जाणार, प्रत्येक जण त्याला आपल्या विजारीवर घासून लकाकी आणणार. त्या चेंडूवर बाळूचा घाम. चेंडू विटाळत नाही. कप विटाळतो! म्हणजे विटाळाचं शास्त्र चामड्याला लागू नाही, चिनी मातीला आहे. बरं, चामडं! ज्या चामड्यासाठी त्याला बाहेर उभा केला, त्याच चामड्याचा चेंडू सगळे हातात घेऊन नाचत होते. एवढी विसंगती एखाद्या बॅलन्सशीटमध्ये आढळली तर आमचा ऑडिटर शाखा बंद करील.

बाळूनं १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. मुंबईत हळूहळू पंगत एक झाली. सुधारणा झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. खेळाच्या गरजेपोटी झाली असली तरी झाली. आपल्या पुष्कळ सुधारणा विकेट हवी असते म्हणूनच होतात.

मला छळणारा प्रश्न निराळा आहे. त्या काळची कपबशी आजही कुणाच्यातरी शोकेसमध्ये असेल. खाली चिठ्ठी असेल. काचेला किल्ली असेल. पण तो कुल्हड? तो जपायचा कसा? तो तर फोडण्यासाठीच बनवलेला होता. म्हणजे एकाच चहाच्या वेळेचा अर्धा पुरावा टिकाऊ मालाचा आणि अर्धा पुरावा मुद्दाम ठिसूळ मालाचा. शंभर वर्षांनी वारसावाले येतात, जे टिकलं आहे ते बघून म्हणतात, "वा! काय सुसंस्कृत माणसं होती!"

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीनं का लिहितो आहे, याचं कारण आमच्या गावचा क्लब. गावाचं नाव सांगत नाही. क्लबाचे बरेच सभासद हयात आहेत आणि त्यांच्या मुदतठेवी आमच्या शाखेत आहेत. साहेबाच्या काळातली इमारत. साहेब गेल्यावर वकील, डॉक्टर, बागायतदार आणि बदलीवर आलेले अधिकारी यांनी ती सांभाळली. माझे वडील या क्लबात तीसएक वर्षं बिलियर्ड्सचे मार्कर होते. मार्कर म्हणजे टेबलापाशी उभा राहून गुण मोजणारा, चेंडू खिशातून काढून जागेवर ठेवणारा, क्यूच्या टोकाला खडू आहे ना ते बघणारा, आणि साहेबांचा फटका चुकला की "बॅड लक, सर" म्हणणारा माणूस. बाबांनी आयुष्यात एवढं एकच इंग्रजी वाक्य वापरलं, पण ते रोज चाळीस-पन्नास वेळा वापरलं.

स्नूकर हा खेळ मुळात आपल्या देशातला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८७५ साली जबलपूरला लष्करी मेसमध्ये चेंबरलेन नावाच्या तरण्या अधिकाऱ्यानं तो काढला (हा पंतप्रधान चेंबरलेन नव्हे, तो निराळ्याच खेळात हरला) आणि त्याचे नियम पुढे उटीच्या क्लबात लिहून लावले गेले. वैयक्तिक खेळातलं आपल्या देशाचं पहिलं जगज्जेतेपदही टेबलावरचंच, १९५८ साली बिलियर्ड्समध्ये विल्सन जोन्स यांनी मिळवलेलं. बाबांना हे सारं पाठ होतं. खेळायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. नोकरांनी टेबलाला क्यू लावायचा नाही, असा नियम होता. शिकवायला हरकत नव्हती. म्हणजे समोरच्याचा कोपर धरून तो कसा हलवायचा हे दाखवायचं, फटका त्यानं मारायचा. बऱ्याच सरकारी अधिकाऱ्यांचे कोपर बाबांनी असे वळणावर आणले. रात्री क्लब बंद झाल्यावर एक दिवा ठेवून ते खेळत असावेत असा आईला दाट संशय होता, कारण कधीकधी ते उशिरा येत आणि त्या दिवशी जेवताना गप्प पण खूश असत.

नोकरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मागच्या दारानं यायचं, हा दुसरा नियम. मागचं दार म्हणजे स्वयंपाकघराच्या बोळातलं. मी बाबांचा डबा घेऊन जायचो तो तिथून. पुढच्या व्हरांड्यातून क्लब कसा दिसतो, हे मला बी.कॉम. होईपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा मला याचा राग आल्याचं आठवत नाही. मागच्या दाराशी आचारी असे, आणि आचारी कटलेट देत असे. पुढच्या दाराशी नुसता दरवान असे. माझ्या वयाच्या दृष्टीनं बघता प्रतिष्ठा मागच्याच दारात होती.

तर हा क्लब आता वारसा-यादीत घालायचं घाटतं आहे. नाहीतर तिथं आठ मजली इमारत उभी करायला एक जण टपलेला आहे. त्यासाठी सेक्रेटरी सह्यांचा कागद घेऊन फिरत होते, ते आमच्या काउंटरवर आले. मला म्हणाले, "तुमच्या वडिलांचा तर या वास्तूशी जिव्हाळ्याचा संबंध! तुमची सही हवीच." जिव्हाळा हा शब्द पगाराच्या वेळी त्यांच्या पूर्वसुरींना सुचला असता तर बरं झालं असतं, पण मी बँकेत नोकरीला आहे. मी म्हटलं, "कागद ठेवून जा. वाचून सही करायची आम्हांला सवय असते."

सोबत नकाशा होता. पुढचा व्हरांडा, हॉल, कार्डरूम, बिलियर्ड्सरूम, सगळं जसंच्या तसं राखणार. कौलंसुद्धा जुन्या घाटाची आणणार. मागचं स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या आणि बोळ पाडून तिथं गाड्या उभ्या करायला जागा. शेरा होता, 'नंतरची, बिनमहत्त्वाची बांधकामं.'

आमच्या शाखेतल्या युनियनच्या पुढाऱ्यांना मी हे दाखवलं. ते ताडकन म्हणाले, "सही कसली करता? पाडू द्या सगळं! तुमच्या बापाला ज्यांनी पुढच्या दारानं येऊ दिलं नाही, त्यांचं दार तुम्ही राखणार?" बोलणं रोखठोक होतं, आणि रागातला बराच भाग मला पटला. पण कारकुनाच्या डोक्यात लगेच दुसरी फाईल उघडली. ज्या लेजरमध्ये अफरातफर झालेली असते ते लेजर आम्ही कधी जाळतो का? उलट ते लाखेचं सील लावून कपाटात ठेवतो. ते जळावं अशी इच्छा फक्त अफरातफर करणाऱ्याची असते. क्लब पाडून टाकला, आठ मजले उभे राहिले, की पुढचं दार गेलं आणि मागचंही गेलं. दोन दारं होती हे सांगायला उरलं कोण? इतका स्वच्छ निकाल आरोपीलाच सोयीचा.

हेड कॅशियर शांत प्रकृतीचे आहेत. नोटा मोजता मोजता ते म्हणाले, "बरोबर आहे. पण सील केलेल्या लेजरला आपण हार घालत नाही." आणि पुढची गड्डी घेतली. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, त्यांचा हिशेब जुळलेला असतो.

मग मी माझ्या विषयाकडे आलो. खातेदार वारला की बँकेत दोन प्रकारची माणसं येतात, नॉमिनी आणि वारस. लोकांचा पक्का समज असतो की नॉमिनी म्हणजे मालक. रोज मला कुणाला तरी समजवावं लागतं की काका, नॉमिनी हा फक्त पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त. मालकी वारसांची. ते कोण, हे कायदा ठरवतो. नॉमिनीला हे कधीच आवडत नाही. मला वाटतं, क्लबाच्या बाबतीत असाच घोटाळा आहे. आज जे सभासद आहेत ते नॉमिनी. इमारत त्यांच्या ताब्यात आहे, किल्ल्या त्यांच्याकडे आहेत, ठीक. पण वारस? वारसांच्या यादीत आचारी येतो, माळी येतो, दरवान येतो, बाहेरून कंपाउंडवरून टेनिस बघणारी पोरं येतात. ज्यांना बाहेर ठेवलं म्हणून क्लब क्लब झाला, तेही त्याच्या भांडवलात धरायला नकोत का? त्यांनी भांडवल रोख दिलं नाही एवढंच. अडचण अशी, की वारस म्हणवून घ्यायला आधी वारसा हवा असावा लागतो. मला तो हवा आहे का? रात्री मी हे सौभाग्यवतीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? ज्यांचा क्लब होता त्यांना विचारा ना," आणि आतल्या खोलीकडे हात केला.

बाबा आता सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले आहेत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुढचं दार, मागचं दार, न्याय, अन्याय, बाळूचा कुल्हड. नॉमिनीपर्यंत आलो. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "टेबल कुठं ठेवलंय?"

म्हटलं, "तिथंच आहे. बिलियर्ड्सरूम राखणार आहेत."

"वरचं कौल गळतं तिथं. कापड गेलं तर परत घालता येतं, खालची स्लेट भिजता कामा नये. आणि खिडकीकडच्या पायाखाली एक पाचर आहे. जमीन खचली होती तेव्हा मी घातली. सागवानाची आहे. जीर्णोद्धार करणारे आधी असलंच काहीतरी उपटून टाकतात. त्यांना सांग, ती काढली तर सगळे चेंडू डाव्या खिशाकडे पळतील."

"बाबा, मी विचारतोय की सही करू का?"

"मग मी काय सांगतोय?" बाबा म्हणाले.

मी सही केली. पण अर्जात 'जतन करण्याजोगी वैशिष्ट्ये' असा रकाना होता आणि सेक्रेटरींनी त्यात 'व्हरांडा, कमानी, कौलं, फोटो' एवढंच लिहिलं होतं. खाली जागा होती. फॉर्ममध्ये रिकामी जागा दिसली की ती भरायची हा माझा नोकरीधर्म आहे. मी लिहिलं: 'मागील दार, कडीसह. स्वयंपाकघर व बोळ. नोकरांच्या खोल्या, ३. बिलियर्ड्स टेबलाच्या पायाखालील पाचर, १.' आणि नकाशातल्या 'बिनमहत्त्वाची' या शब्दावर लाल शाईनं गोल काढून समासात 'खुलासा व्हावा' असं लिहिलं.

दोन दिवसांनी सेक्रेटरींचा फोन आला. आवाजात मुदतठेवीची ऊब नव्हती. "अहो, हे पार्किंगच्या जागेत येतंय. सभासद ऐकायचे नाहीत. बोळाला कसलं आलंय हेरिटेज? आणि ही पाचर काय भानगड आहे?" मी म्हटलं, पाचर बघायला हवी. त्यांचा आर्किटेक्ट रविवारी मोजमापाला येणार होता, त्या वेळी वडिलांना घेऊन या म्हणाले.

रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. रिक्षा क्लबाच्या फाटकाशी थांबली. मी पैसे देऊन वळेपर्यंत बाबा कंपाउंडच्या कडेकडेनं मागच्या बाजूला गेलेले. हाक मारली, त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. मी पुढच्या व्हरांड्यातून आत शिरलो. सेक्रेटरी या या म्हणत असतानाच हॉल ओलांडून, कार्डरूमवरून, स्वयंपाकघरातून बोळात गेलो. मागच्या दाराची कडी गंजली होती. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा सुटली. बाबा बाहेर चपला काढून उभे होते. म्हणाले, "इतका वेळ?"

बिलियर्ड्सरूममध्ये ते टेबलाकडे न बघता सरळ खाली वाकले. आर्किटेक्ट पोरगा चांगला होता, तोही टॉर्च घेऊन त्यांच्या शेजारी फरशीवर पालथा झाला. सेक्रेटरी आणि मी उभे. टेबलाखालून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"लाकूड सागवान म्हणालात. काळ साधारण?"

"१९७९. पावसाळा होता."

"लांबी बघू... साडेचार इंच. कुणी केली?"

टेबलाखाली क्षणभर कुणी बोललं नाही. मग बाबा म्हणाले, "मार्कर असं लिहा."